रिम वाढते तेव्हा हवा कमी होते

गाडीचं वजन टायर उचलत नाही, टायरमधली हवा उचलते. रबर, आतले दोरे, कडेच्या तारा, पट्ट्याचं पोलाद, हे सगळं त्या हवेला जागेवर धरून ठेवायला आहे. हे एकदा डोक्यात पक्कं बसलं ना की चाकाच्या साइजबद्दलची सगळी चर्चाच वेगळी दिसायला लागते. माझं तसंच झालं. आधी मीही चाक बघायचो म्हणजे रिम बघायचो, तिचं डिझाइन, तिची चमक, आणि रबर म्हणजे तिच्याभोवतीची काळी चौकट. आता माझी नजर आधी त्या काळ्या भागाकडेच जाते, किती उंच आहे, किती फुगीर आहे, आणि त्यात हवेला जागा किती उरलीये.

साधा हिशोब करून बघा. सोळाशे किलोची गाडी, म्हणजे एका चाकावर सरासरी चारशे किलो. हवा २.३ बार (बार हे हवेच्या दाबाचं माप). तर तेवढं वजन तोलायला जमिनीवर साधारण १७० चौरस सेंटीमीटर जागा टेकलेली लागते, आपल्या पसरलेल्या पंजाएवढी, बस. चार चाकांचे असे चार पंजे आणि त्यावर आपण घरच्यांना बसवून रात्रीच्या पावसात शंभरच्या स्पीडने चाललेलो असतो. आपण ब्रेक मारतो, वळतो, घाबरून स्टिअरिंग फिरवतो, ते सगळं शेवटी याच चार जागांमधून रस्त्यापर्यंत पोचतं. म्हणून चाकाची साइज बदलणं ही मला कधीच नुसती सजावट वाटत नाही. सीट कव्हर बदलणं वेगळं आणि हे वेगळं.

हवेचं टायर पहिल्यांदा सुचलं ते रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश माणसाला, १८४५ साली त्याने पेटंटही घेतलं, घोडागाडीसाठी. पण काळाच्या फार आधी सुचलं आणि लोक विसरून गेले. मग १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलॉपने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी तेच परत शोधून काढलं आणि तिथून पुढे सगळं जग हवेवर चालायला लागलं. मला ही गोष्ट फार आवडते, कारण दोघांनाही वेग नको होता, त्यांना खडखडाट आणि धक्के कमी करायचे होते. हवा आली ती आरामासाठी.

आता आकडे. टायरच्या भिंतीवर, म्हणजे रबराच्या उभ्या बाजूवर, लिहिलेलं असतं १९५/६५ आर १५. १९५ म्हणजे मिलिमीटरमधली रुंदी. ६५ म्हणजे भिंतीची उंची, पण मिलिमीटरमध्ये नाही, रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे जवळजवळ १२७ मिमी. आर म्हणजे रेडियल, टायरच्या बांधणीचा प्रकार, आणि १५ म्हणजे रिमचा व्यास इंचात. तीन आकडे, तीन वेगवेगळ्या मापात, एक मिलिमीटर, एक टक्का, एक इंच, आणि तरी सगळं जग हे विनातक्रार वापरतं. सगळा घोळ मधल्या आकड्याने होतो, कारण लोकांना वाटतं ६५ म्हणजे ६५, आणि मग १९५ च्या जागी २०५ घातलं, ६५ तसंच ठेवलं, की भिंत पण आपोआप उंच होते हे लक्षातच येत नाही.

तर १९५/६५ आर १५ चा एकूण व्यास किती? वरची भिंत, खालची भिंत आणि मधली रिम, मिळून ६३४.५ मिमी. आता कुणाला सोळा इंची रिम घालायची असेल तर त्याच घराण्यातली साइज आहे २०५/५५ आर १६, व्यास जवळजवळ ६३२. सतरा इंची हवी असेल तर २२५/४५ आर १७, व्यास ६३४.३. बघा किती जवळजवळ आलं. १५ ते १७, रिम दोन इंचांनी वाढली आणि चाकाची बाहेरची उंची जिथल्या तिथे. यालाच प्लस वन, प्लस टू म्हणतात आणि हे गणित खरंच सुंदर आहे, मला आजही कागदावर करायला मजा येते. साधारण नियम असा धरतात की मूळ व्यासापेक्षा फरक तीन टक्क्यांच्या आत ठेवायचा, आणि मी म्हणेन एक टक्क्याच्या आत ठेवा, जमतं.

पण बाहेरचा व्यास तोच ठेवला तर वाढलेली रिम जागा कुणाची घेते? हवेचीच घेते, दुसरं तिथे काही नाहीच. १२७ मिमीची भिंत ११३ झाली, मग १०१ झाली. आणि खरी गोष्ट याहून कडक आहे, कारण रिमची जी कड असते ना, बाहेरून दिसणारी, ती टायरच्या भिंतीत साधारण १७ मिमी वर आलेली असते. म्हणजे खड्ड्यात चाक आपटलं की रिम जमिनीला भेटायच्या आधी मध्ये किती रबर-हवा आहे, तर पंधरा इंचीत ११० च्या आसपास आणि सतरा इंचीत ८४. सरळ चौथा हिस्सा गेला. फोटोत हा फरक छान दिसतो, रस्त्यावर तो कमरेला कळतो.

मिळतं काय ते पण सांगायला पाहिजे, कारण मिळतं नक्की. स्टिअरिंग फिरवलं की आधी टायरची भिंत पिळली जाते आणि मग गाडी वळते. मिशेलिनने रेडियल टायरचं पेटंट १९४६ मध्ये घेतलं आणि १९४९ पासून ते टायर विकायला लागले, त्यात भिंत मऊ आणि जमिनीवरचा पट्टा कडक अशी विभागणी झाली, त्याआधीच्या टायरात सगळंच एकमेकांत विणलेलं होतं. रेडियलमुळे टायर जास्त टिकायला लागले, पकड वाढली, पण भिंत मऊ ती मऊच. मग १९७० च्या दशकात पिरेलीचं पी७ सारखं बुटकं टायर आलं, पोर्शे ९११ टर्बोला मागे २२५/५० आर १५ आणि पुढे २०५/५०, त्या काळात ते केवढं बुटकं वाटलं असेल. भिंत बुटकी म्हणजे पीळ कमी, म्हणजे हात फिरला की नाक लगेच वळतं. मी अशा गाड्या चालवल्यात आणि तो अनुभव खरा आहे, वळणावर गाडी आपल्या हाताशी बोलते, आणि ज्याला ते आवडतं त्याला मी कधीच चूक म्हणणार नाही. शिवाय मोठ्या रिमचं आणखी एक प्रामाणिक कारण आहे, आत मोठी ब्रेक डिस्क आणि मोठा कॅलिपर, म्हणजे त्या डिस्कला दाबून धरणारा भाग, मावतो. वेगवान, जड गाडीला ते लागतंच.

पण बहुतेक वेळा मोठी रिम घेतली जाते ती दिसण्यासाठी. गाडीची बॉडी उंच झाली, खिडक्यांची रेघ वर गेली, मग छोटं चाक त्या पत्र्याखाली हरवून जातं, म्हणून डिझाइनर मोठं चाक काढतो. याच्या बरोबर उलटा विचार १९५९ च्या मिनीत होता. ती डिझाइन करणाऱ्या अलेक इसिगोनिसला माणसांसाठी जागा हवी होती, चाकांच्या कमानींनी आतली जागा खायला नको होती, म्हणून त्याने फक्त दहा इंची चाकं धरली आणि डनलॉपकडून तेवढी छोटी टायरं करून घेतली. आणि ती गाडी वळणावर काय पळायची हे सांगायलाच नको, रॅली जिंकल्या तिने. म्हणजे छोटं चाक म्हणजे सुस्त गाडी, हे समीकरण तिथेच मोडतं.

माझ्या एका मित्राने २०५/५५ आर १६ काढून २१५/४० आर १८ टाकले. व्यास बघा, ६३२ च्या जागी ६२९, अर्ध्या टक्क्याचाही फरक नाही, म्हणजे गणित बरोबर. गाडी दिसायला पण जबरदस्त, मी स्वतः फोटो काढून दिले. एका संध्याकाळी पाण्याने भरलेल्या खड्ड्यात पुढचं चाक गेलं, फार वेगात पण नव्हता तो, आणि दुसऱ्या दिवशी टायरच्या भिंतीवर हा एवढा फुगा. फुगा म्हणजे आतले दोरे तुटले. खड्ड्याची कड आणि रिमची कड यांच्यामध्ये भिंत चेचली जाते, दोरे तुटतात, आणि मग तिथे हवेला धरून ठेवायला फक्त रबर उरतं, ते बाहेर येतं. त्याला कुणीतरी सांगितलं होतं की चालतं, बघत राहा, हवा कमी ठेवा. नाही चालत. फुगा आलेलं टायर दुरुस्त होत नाही, ते काढायचं, आणि निघेपर्यंत हळू चालवायचं, एवढाच त्याला उपाय.

नंतर आम्ही दोघं बसून ते टायर नीट वाचलं आणि तेव्हा दिसलं की खड्डा हा अर्धाच भाग होता. साइजच्या पुढे जो आकडा असतो, ९१, ८९ वगैरे, तो लोड इंडेक्स. ९१ म्हणजे एका टायरला ६१५ किलो. ८९ म्हणजे ५८० किलो. त्याच्या जुन्या टायरवर ९१ होतं, नव्यावर ८९ एक्स्ट्रा लोड. इथे लोक हमखास फसतात, एक्स्ट्रा लोड लिहिलंय म्हणजे मजबूतच असणार असं वाटतं. पण साध्या टायरचा भाराचा आकडा २.५ बार हवेवरचा असतो आणि एक्स्ट्रा लोडचा २.९ बारवरचा. मित्र हवा भरत होता दरवाज्यावरच्या जुन्या स्टिकरप्रमाणे २.३. टायर उद्योगात जे सूत्र वापरतात त्यानं हिशोब केला तर २.३ बारला जुनं टायर साधारण ५७५ किलो उचलत होतं आणि नवं साधारण ४८० किलो. शंभर किलोच्या आसपास फरक, प्रत्येक चाकाला! रिम नवी, रबर नवं, आणि ताकद कमी. हवेवर चालतंय सगळं ते असं. दरवाज्यावरचं स्टिकर हे कंपनीने दिलेल्या साइजसाठी असतं, तुम्ही साइज बदललीत की ते स्टिकर तुमचं राहत नाही, नवीन टायरच्या भाराच्या तक्त्यावरून हवा ठरवावी लागते. आणि लोड इंडेक्स कधीच, कुठल्याच कारणाने, मूळपेक्षा खाली जाऊ द्यायचा नाही. बाकी सगळ्या गोष्टींत मी आवडनिवड मानतो, यात नाही. स्पीडचं अक्षर पण तसंच, एच म्हणजे २१०, व्ही म्हणजे २४०, ते गाडीच्या क्षमतेच्या खाली नको.

रुंदीबद्दल एक समजूत फार घट्ट आहे, रुंद टायर म्हणजे जमिनीला जास्त टायर टेकलं. वरचा हिशोब परत बघा, वजन भागिले हवेचा दाब. त्यात रुंदी आहे का कुठे? भिंतीचा कडकपणा वगैरे धरला तर थोडाफार फरक पडतो, पण ढोबळमानाने तेवढ्याच हवेवर टेकलेली जागा तेवढीच राहते, फक्त तिचा आकार बदलतो, लांबट होती ती आडवी होते. आडवी जागा वळताना चांगली. पण पाण्यात उलटं, रुंद टायरला समोरचं जास्त पाणी बाजूला सारावं लागतं आणि त्याला वेळ कमी मिळतो, म्हणून साचलेल्या पाण्यावर रुंद टायर लवकर तरंगतं. बर्फाच्या देशात लोक हिवाळ्याला एक साइज अरुंद आणि एक इंच छोटी रिम लावतात ते उगाच नाही. आणि २०१३ ला बीएमडब्ल्यूने आय३ आणली तिचं टायर होतं १५५/७० आर १९, सातशे मिलिमीटर उंच आणि फक्त १५५ रुंद. उंच आणि सडपातळ. जमिनीवर लांबट ठसा, समोरून येणाऱ्या वाऱ्याचा अडथळा कमी, घरंगळायला सोपं. ती चाकं लोकांना विचित्र वाटायची, मला मात्र त्यात फार विचार दिसतो, कारण तिथे रिम मोठी केली पण भिंत १०८ मिमी ठेवली, हवा सोडली नाही.

आता रिमचे आकडे, आणि इथे मला जरा जास्त वेळ घ्यायचाय कारण टायर चुकलं तर निदान दिसतं, रिम चुकली तर बरेच दिवस कळत पण नाही. रिमवर आतल्या बाजूला लिहिलेलं असतं, समजा ६ जे × १५, ईटी ४५. सहा इंच रुंद, जे म्हणजे कडेचा आकार, आणि ईटी म्हणजे ऑफसेट. रिमची बरोबर मध्यरेषा आणि हबला, म्हणजे गाडीच्या ज्या भागावर चाक बसतं त्याला, टेकणारा भाग, या दोन्हीतलं अंतर मिलिमीटरमध्ये. ईटी जितका जास्त तितकं चाक आत, जितका कमी तितकं बाहेर. आता तुम्ही घेतली ७.५ जे, ईटी ३५. रुंदी दीड इंच वाढली म्हणजे ३८ मिमी, त्यातली अर्धी १९ आत आणि १९ बाहेर. ऑफसेट दहाने कमी म्हणजे सगळं चाक आणखी दहा बाहेर. म्हणजे बाहेरची कड २९ मिमी बाहेर आली आणि आतली फक्त ९ मिमी आत गेली. ईटी ५० असती तर बाहेर १४ आणि आत २४, आणि आत कोण बसलंय तर शॉकॲब्सॉर्बर. हा हिशोब कागदावर दोन मिनिटांचा आहे, तो करून मग रिम बघायला जावं, दुकानात उभं राहून लावून बघू म्हणण्यात अर्थ नाही, कारण उभ्या रिकाम्या गाडीत सगळं बसतं. पाच माणसं, डिकीत सामान, स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला आणि त्यात उंचवटा आला की तेव्हा खरं घासतं.

आणि घासत नसलं तरी काम संपत नाही. चाक बाहेर आलं की स्टिअरिंगचा जो अक्ष जमिनीत जिथे भेटतो ती जागा आणि टायरच्या ठशाचा मध्य यांतलं अंतर बदलतं. कंपनीच्या इंजिनियरनी ते अंतर मिलिमीटरच्या हिशोबाने ठरवलेलं असतं. एका बाजूचं चाक ओल्या रस्त्यावर, दुसरं कोरड्यावर, अशात जोरात ब्रेक लागला तर स्टिअरिंग हातातून किती ओढलं जाईल हे त्यावर ठरतं. रस्त्याच्या खाचेत चाक गेलं की गाडी आपोआप त्या खाचेमागे जायला लागते, खूप लोक म्हणतात टायर बदलल्यापासून गाडी भटकते, ती रुंदी आणि ऑफसेट दोन्हीमुळे. बेअरिंगवर पण भार बदलतो. म्हणून माझं मत, रुंदी वाढवायचीच असेल तर अर्ध्या-एक इंचाने, आणि ऑफसेट मूळच्या शक्य तितका जवळ.

पीसीडी म्हणजे नट-बोल्टच्या वर्तुळाचा व्यास. पाच बोल्ट ११२ मिमीवर, किंवा पाच बोल्ट ११४.३ वर. फरक २.३ मिमी. डोळ्याला दिसत नाही आणि हाच धोका आहे, कारण नट ओढून ओढून ते बसवता येतं, बसल्यासारखं वाटतं, पण प्रत्येक बोल्ट किंचित वाकडा आवळला गेलेला असतो. तो सैल होणार नाहीतर तुटणार. हे कुणी करून देतो म्हणालं तर तिथून गाडी काढावी. मधल्या भोकाचं पण असंच, हब ५७.१ आणि रिमचं भोक ६६.६ असेल तर मध्ये बरोबर मापाची रिंग हवी, नाहीतर चाक मध्यावर बसत नाही आणि ठरावीक स्पीडला स्टिअरिंग थरथरतं, मग लोक बॅलन्सिंग करत बसतात पुन्हा पुन्हा. आणि नटची बैठक, म्हणजे नट रिमला जिथे टेकतो तो आकार, कुणाची ६० अंशाच्या शंकूची, कुणाची गोलाईची, कुणाची सपाट वॉशरची. जुने नट नव्या रिमला आटे जुळले म्हणून चालतात असं नाही, बैठक पण जुळायला हवी. स्पेसर, म्हणजे चाक बाहेर आणायला हब आणि रिममध्ये घालतात ती चकती, लावला तर जेवढा स्पेसर तेवढा बोल्ट लांब पाहिजे, आत साधारण बोल्टच्या जाडीइतके तरी आटे धरलेले असायला हवेत. मग समोरासमोरचे आवळत टॉर्क रेंचने कंपनीच्या आकड्याला आवळायचं, बऱ्याच गाड्यांत तो १०० ते १४० न्यूटन मीटरच्या मध्ये असतो, आणि ५० ते १०० किलोमीटर चालवून परत तपासायचं. हे परत तपासणं जवळजवळ सगळेच विसरतात.

स्पीडोमीटरचं थोडक्यात. समजा १९५/६५ च्या जागी २०५/६५ आर १५ घातलं, व्यास ६४७.५, दोन टक्के वाढला. काटा १०० दाखवेल तेव्हा गाडी १०२ वर. हे फार वाटत नाही, आणि बहुतेकांना कळणारही नाही कारण संयुक्त राष्ट्रांच्या नियम ३९ प्रमाणे काटा खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवू शकत नाही, जास्त मात्र दहा टक्के अधिक ४ किमीपर्यंत दाखवू शकतो, म्हणून कंपन्या तो थोडा पुढेच ठेवतात. पण ती मोकळी जागा आपल्या चाकांसाठी ठेवलेली नाहीये. ५०,००० किमी गाडी चालली तर मीटरवर ४९,००० दिसतील, सर्व्हिस तेवढी उशिरा होईल. आणि चारही चाकांना ताकद जाणारी गाडी असेल तर पुढचा-मागचा व्यास तंतोतंत एकच हवा, नाहीतर पुढच्या-मागच्या चाकांना जोडणारी मधली कपलिंग सरळ रस्त्यावर पण सतत घसरत राहते, तापते. एबीएस आणि स्थिरता राखणाऱ्या यंत्रणा चाकांच्या फिरण्याची तुलना करूनच सगळं ठरवतात, त्यांना पण हे चुकीचं दिसतं.

वजनाबद्दल मला खरंच वाईट वाटतं. ॲल्युमिनियमचं चाक गाडीत आलं ते हलकेपणासाठी, १९२४ च्या बुगाटी टाइप ३५ ला ओतीव ॲल्युमिनियमची चाकं होती आणि त्यामागे रेसिंगचा विचार होता. आज सतरा-अठरा इंची साधी ओतीव अलॉय अनेकदा मूळच्या पंधरा इंची लोखंडी रिमइतकीच किंवा जास्तच जड निघते, आणि शिवाय ते वजन बाहेरच्या घेराकडे सरकलेलं असतं. फिरणारं वजन जितकं बाहेर तितकं त्याला पळवायला आणि थांबवायला जास्त ताकद. स्प्रिंगच्या खालचं वजन वाढलं की चाक रस्त्याच्या चढउताराबरोबर पटकन खालीवर होऊ शकत नाही, क्षणभर टेकायचं सोडतं. म्हणजे पकडीसाठी मोठं चाक लावलं आणि खराब रस्त्यावर पकडच कमी झाली. रिम घेताना लोक डिझाइन बघतात, रंग बघतात, वजन कुणी विचारत नाही, आणि विकणाऱ्याला पण सहसा माहीत नसतं. विचारा. वजनकाटा असेल तर ठेवून बघा.

मी माझ्या गाडीला उलटं केलं. ती आली २२५/४५ आर १७ वर, आणि दरवाज्याच्या खांबावरच्या स्टिकरवर २०५/५५ आर १६ पण मान्य साइज म्हणून छापलेली होती, खालच्या मॉडेलची. लोड इंडेक्स दोन्हीचा ९१. मग फक्त एकच गोष्ट बघायची उरली, सोळा इंची रिमच्या आत ब्रेकचा कॅलिपर मावतो का, कारण छोटी रिम घालताना अडतं ते तिथेच. मावत होता. त्याच कंपनीच्या खालच्या मॉडेलच्या साध्या रिम मिळवल्या, पीसीडी तोच, भोक तेच, ऑफसेट कंपनीनेच ठरवलेला, म्हणजे वर लिहिलेली अर्धी काळजी संपली. टायर बसवणाऱ्याने दोनदा विचारलं की नक्की छोटं करायचंय ना, कारण त्याच्याकडे येणारा प्रत्येक जण मोठं मागतो.

बारा मिलिमीटर भिंत वाढली फक्त. पण खडबडीत रस्त्यावर गाडीतला आवाज बदलला, आधी एक सतत घरघर असायची ती खाली बसली. आई मागे बसते, तिला पाठीचा त्रास आहे, तिला मी काहीच सांगितलं नव्हतं, एका लांबच्या प्रवासात ती आपणहून म्हणाली, "गाडी दुरुस्त केलीस का रे काही?" स्टिअरिंग थोडं मऊ झालं हे खरं, पहिले काही दिवस वळणावर ते जाणवलं, मग हात सरावले. पावसात गाडी जास्त निश्चिंत वाटते. आणि पार्किंगमध्ये फुटपाथला टायर घासलं तर आता आधी रबर घासतं, रिमची कड नाही. दिसायला? दिसायला मला आवडते. भरलेली भिंत असलेलं चाक मला आता जास्त देखणं वाटतं, पण हे माझं झालं, तुम्हाला नाही वाटलं तर त्यात काही चुकीचं नाही.

खटकतं ते गाड्या बनवणाऱ्यांचं. मोठं चाक हे वरच्या मॉडेलला चिकटवून टाकलंय सगळ्यांनी. चांगले दिवे, जास्त एअरबॅग, चांगली सीट हवी असेल तर अठरा इंच पण घ्याच, आणि छोटं चाक हवं तर मग सगळंच साधं. इलेक्ट्रिक गाड्यांत तर एकोणीस, वीस, एकवीस चाललंय, आणि तिथे तर कंपन्या स्वतःच छापतात की मोठ्या चाकांवर तीच बॅटरी कमी अंतर जाते. त्या गाड्या जड, त्यांना हवा जास्त हवी, कमी नको. मला एवढंच हवंय की ऑर्डरच्या फॉर्मवर टॉप मॉडेलसमोर पण छोट्या रिमची एक चौकट असावी, टिक करता येईल अशी, आणि तिच्यासमोर दोन्ही चाकांची वजनं ग्रॅमपर्यंत छापलेली असावीत.